पोपटाचे फाकलेले पाय

पोपट म्हटला की डोळ्यांपुढे येते ती त्याची बाकदार चोच. पायांकडे सहसा कोणी पाहत नाही. एकदा नीट निरखून पाहा. चिमणीच्या किंवा कावळ्याच्या पायाची तीन बोटे पुढे व एक मागे असते. पोपटाची दोन पुढे आणि दोन मागे असतात. त्यामुळे त्याचा पाय चिमट्यासारखा चालतो. पेरूची फोड धरून तो ती चोचीपर्यंत नेऊ शकतो. आणखी एक गंमत अशी की, त्याच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणजे पोपट जन्मभर चवड्यांवरच उभा असतो!

असा हा पाय पिलाच्या वयातच बिघडला तर? पाळीव पोपटांच्या पिलांत एक दोष नेहमी आढळतो. पिलाचे एक किंवा दोन्ही पाय बाजूला फाकतात आणि ते पोटावर सरपटू लागते. लोक म्हणतात, पिलू जन्मतःच पांगळे आहे. पुष्कळदा ते खरे नसते. अंड्यातून निघाले तेव्हा पिलू चांगले असते. दोष असतो तो त्याच्या पायांखालच्या जमिनीत.

हे कसे, ते पदार्थविज्ञानाच्या भाषेत पाहू. पिलाचा पाय सरळ खाली न जाता उभ्या रेषेशी काही कोन करून टेकला आहे असे समजा. शरीराचे वजन पायाच्या दिशेने खाली दाबते. या बलाचे दोन घटक पडतात. एक जमिनीत सरळ खाली जातो, दुसरा पाऊल बाहेर ढकलतो. बाहेर ढकलणाऱ्या घटकाला अडवते ते फक्त घर्षण, कारण पाय आत ओढून धरण्याइतके बळ पिलाच्या स्नायूंत अजून आलेले नसते. गणित मांडले तर उत्तर सुटसुटीत येते : त्या कोनाचा टॅन घर्षणांकापेक्षा मोठा झाला की पाऊल घसरते. गुळगुळीत पृष्ठभागाचा घर्षणांक ०.२ धरला, तर अवघ्या ११ अंशांवर पाय सुटतो. खरखरीत टॉवेलसाठी ०.८ धरला, तर ३८ अंशांपर्यंत तो टिकतो. या सूत्रात वजन कोठेच येत नाही, हे ध्यानात घ्या. पिलू लठ्ठ असो वा किरकोळ, घसरण्याचा कोन तोच.

पटत नसेल तर घरातली एखादी जाड कागदाची जुनी लग्नपत्रिका घ्या. तिची घडी दोन्ही बाजूंनी दुमडून सैल करा. मग ती तंबूसारखी आधी काचेवर व नंतर टॉवेलवर उभी करा आणि हळूहळू फाकवत न्या. काचेवर ती लौकर सपाट होईल.

मुलुंडला आमच्या इमारतीत नववीतल्या एका मुलाने कॉकटीलची जोडी पाळली आहे. कॉकटील हा ऑस्ट्रेलियातला तुरेवाला छोटा पोपट. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. चार अंड्यांतून एकच पिलू निघाले. पेटीचा तळ सपाट प्लायवूडचा, वर वर्तमानपत्राचा कागद. एकटे पिलू असले की त्याला दोन्ही बाजूंनी टेकू देणारी भावंडे नसतात, आणि आई त्याच्यावर सगळा भार टाकून बसते. तेरा-चौदा दिवसांचे झाले तेव्हा त्याचे दोन्ही पाय बेडकासारखे पसरले होते. ‘सर, हे आता उडेल पण बसणार कुठे?’ असे त्या मुलाने मला विचारले. प्रश्न अगदी नेमका होता. पंख कितीही चांगले असले तरी ज्याला फांदी धरता येत नाही, तो पक्षी कसला?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, पशुवैद्यक नव्हे; म्हणून पिलाला घेऊन आम्ही पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. (मुंबईत परळला बाई साकरबाई दीनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. जुने मुंबईकर त्याला ‘बैलघोडा’ म्हणतात. तेथे पक्ष्यांवरही उपचार होतात.) हाड मोडलेले नाही आणि सांधा निखळलेला नाही याची डॉक्टरांनी आधी खात्री करून घेतली. हे महत्त्वाचे, कारण तसे असेल तर पुढचा उपाय उपयोगाचा नाही.

उपाय दिसायला साधा होता. मऊ स्पंजच्या तुकड्याला दोन खाचा पाडल्या आणि त्यांत दोन्ही पाय अडकवले, इतकेच. पावले शरीराच्या बरोबर खाली आली, म्हणजेच तो घातक कोन जवळजवळ शून्य झाला. बाकीचे काम पिलाचे हाड स्वतः करते. १८९२ साली यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने असे मांडले की, हाडावर ज्या दिशेने भार येतो त्या दिशेला अनुसरून ते स्वतःला घडवते. टेनिसपटूंच्या खेळत्या हातातील हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते ते याच कारणाने. वाढत्या पिलाचे हाड तर फारच मऊ. वाकड्या भाराने ते वाकडे होते आणि सरळ भाराने सरळ. मात्र ही संधी पहिल्या दोन-तीन आठवड्यांचीच. हाड एकदा टणक झाले की स्पंज काही करू शकत नाही.

घरी कोणी दोरा किंवा रबरबँड बांधू नये. पिलू रोज वाढते, बंध वाढत नाही; मग रक्तप्रवाह थांबून पाऊलच गमवावे लागते. आमच्या विद्यार्थ्याने स्पंज रोज तपासला, पाऊल सुजले किंवा काळपट झाले का ते पाहिले, आणि दोन पावलांतले अंतर पट्टीने मोजून वहीत लिहिले. पेटीत टॉवेल घालून त्याला वाटीसारखा खळगा केला. दहाव्या दिवशी स्पंज निघाला तेव्हा डावा पाय सरळ होता. उजवा किंचित बाहेर राहिला, तो आजही तसाच आहे.

हाडाला कॅल्शियम हवे आणि ते शोषायला ड जीवनसत्त्व. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत कॅल्शियम फार थोडे, चरबी मात्र भरपूर. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस टांगतात. हे माकूळ या सागरी प्राण्याचे आतले कवच, बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे. ड जीवनसत्त्व तयार होते ते उन्हातल्या जंबुपार किरणांनी. (हल्ली यांना अतिनील म्हणतात, मला जुना शब्द आवडतो.) आता आपल्याकडे घरोघरी बाल्कन्या काचांनी बंद झाल्या आहेत. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण हवे असलेले जंबुपार किरण काचच गिळून टाकते. पिंजरा सकाळी थोडा वेळ उघड्या खिडकीशी ठेवावा, अर्ध्या भागावर सावली राहील असा.

मोठ्या पक्ष्यालाही पायाचे दुखणे होते. बाजारच्या पिंजऱ्यात सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या व गुळगुळीत असतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. रात्रंदिवस तळव्याच्या त्याच जागी दाब पडला की तेथे घट्टा, मग जखम होते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर अधिक लौकर. पेरूची वेडीवाकडी, कमीजास्त जाडीची फांदी बसवली की दाबाची जागा बदलत राहते. आमच्या कॉकटीलला तशीच फांदी दिली आहे, बुडाशी रुंद आणि पिंजऱ्याच्या तळाजवळ. उजवा पाय तेथे बरा टेकतो.

हे सगळे परदेशी पाळीव पोपटांबद्दल झाले. मुलुंडच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने सकाळी ओरडत येणारे आपले हिरवे पोपट वेगळे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. ते झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. ढोलीचा तळ खोलगट, खडबडीत, लाकडाच्या भुश्शाने भरलेला; पिलांच्या पावलांना तेथे पकड मिळते. असे पिलू जमिनीवर पडलेले आढळले आणि पाय अधू दिसला, तर त्याला भोके पाडलेल्या खोक्यात टॉवेलवर ठेवावे, पाणी किंवा दूध चोचीत ओतू नये, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.