कातीखालचा कोष

परभणीकडच्या ताडकळसमध्ये मुलांना कोष दाखवायला दारचा कढीपत्ता पुरे. त्यावरची लिंबाळी फुलपाखराची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाची शिंगं काढते. मुलांना खरी गंमत इथेच!

पोट भरलं की ती खाणं सोडते, रेशमी धाग्याने स्वतःला काडीशी बांधते आणि शेवटची कात टाकते. कोष त्या कातीखालीच तयार असतो. ती तो विणत नाही. भोवती घर विणतो तो तुतीवरचा रेशीमकिडा. परभणीकडे रेशीमशेती असल्याने हा फरक मुलांना जरूर सांगावा. कोषात अळीचं बरंचसं शरीर विरघळून नव्याने घडतं. उबदार हवेत दीडेक आठवड्यात फुलपाखरू बाहेर येतं, थंडीत जास्त दिवस लागतात. तोवर कोषाला हात लावू देऊ नये.