कमी कर्बोदकांचा आहार : मथळा आणि मथितार्थ

‘कमी कर्बोदकांनी आयुष्य घटते’ अशा आशयाच्या बातम्या २०१८ मध्ये जगभर झळकल्या. आधार होता ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील, अमेरिकेतील १५,४२८ प्रौढांच्या सुमारे २५ वर्षांच्या निरीक्षणाचा. कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के ऊर्जा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किमान आढळले. अतिन्यून व अत्यधिक, दोन्ही टोकांना ते वाढले. कर्बोदकांच्या जागी मांसाहार घेता धोका वाढला, वनस्पतिज प्रथिने व स्नेह घेता घटला. मथळ्यात हा भेद मावत नाही.

आचार्यांनीही प्रमेहात धान्य सरसकट वर्ज्य न करता नवान्न टाळून यव व पुराण धान्य सांगितले.

उलट, असा आहार गौरविणारे लेख वाचून इन्सुलिन घेणारा रुग्ण एकाएकी पोळी-भात सोडतो, तेव्हा रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून आहारबदल व चालू औषधे यांची विचारपूस वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनीही अवश्य करावी, असे आम्हांस वाटते.