बाप्पाच्या मखराचं एकच बटण

हरतालिकेच्या संध्याकाळी लालबाग-परळच्या चाळींतून फेरी मारलीत, तर प्रत्येक दारातून एकच संवाद ऐकू येतो. ‘अगं, ती माळ कुठे लावलीस?’ ‘तिकडे, मखराच्या मागे!’ आणि मग दहा दिवस घरातली बाई रोज रात्री मखरामागे वाकते. माळा बंद, फोकस बंद, चक्र बंद, आरत्यांचा स्पीकर बंद. सकाळी पुन्हा तीच कसरत, तीही ओल्या हातांनी आणि पदर सांभाळत. जवळच समई तेवत असते.

यावर उपाय अगदी साधा आहे. अख्ख्या मखराला एकच बटण, तेही समोर, हाताशी.

मैत्रिणींनो, ‘वायरमन बघेल’ असं म्हणून हा विषय सोडू नका. काम त्यानंच करावं, पण काय करून घ्यायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

सुरुवात हिशेबापासून. वाण्याच्या यादीसारखीच यादी करायची. एलईडी माळा ४, प्रत्येकी साधारण ५ वॅट. १० वॅटचे फोकस २. चक्राची मोटर ५. स्पीकर २० आणि टेबल फॅन ५०. बेरीज ११५ वॅट. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. वॅटना व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. इथे उत्तर आलं अर्धा अँपिअर. साधं बटण ६ अँपिअरचं असतं, म्हणजे काळजी नाही.

पण याच बोर्डावर ५०० वॅटचे दोन जुने हॅलोजन लावले, तर चार अँपिअरच्या वर गेलो. त्यात कुणी घाईघाईत १००० वॅटची इस्त्री खुपसली की नऊच्याही वर! बटण लगेच जळेलच असं नाही. वायर मात्र आतल्या आत तापते, तिचं आवरण मऊ होतं आणि शेजारी कापडाचे पडदे आणि कागदी फुलं असतात. म्हणून मखराच्या बोर्डावर इस्त्री, गीझर, मिक्सर अजिबात नको.

आता बटणाबद्दल. चांगला तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. वायर तीन तारांची आणि आयएसआय मार्कची हवी. मखराच्या सगळ्या वस्तू त्यात लावून त्यांची आपापली बटणं चालूच ठेवायची. मुख्य बटण वायरीच्या अलीकडच्या टोकाला, मखराच्या बाहेर आणि समईपासून लांब. ते फेजच्या तारेवरच बसवायला सांगा. न्यूट्रलवर बसलं तर माळ विझलेली दिसते, पण तिच्यात वीज असतेच. गिरगावातल्या जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असू शकते, तेव्हा दोन्ही तारा एकदम तोडणारं डबल पोल बटण बरं. अर्थिंगची हिरवी तार मात्र बटणातून न्यायची नाही, ती अखंडच हवी. तिसरी पिन छाटून ‘बसवलेला’ प्लग दिसला तर सरळ बदलून टाका.

एक गंमत लक्षात ठेवा. रिमोटनं चालू होणारं यंत्र वीज आली तरी झोपूनच राहू शकतं. त्याची परीक्षा सोपी आहे. ते चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, पुन्हा लावा. आपोआप सुरू झालं तर ते एका बटणाच्या कुटुंबात बसेल. देखाव्याला कॉम्प्युटर जोडला असेल तर तो आधी रीतसर बंद करावा, एकदम वीज तोडू नये.

खरेदीला लोहार चाळ आहेच. अडॅप्टर, मोटर अशा वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोड. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठा, बांबू, कापडाची झाली. निसर्गाला ते चांगलंच, पण आग त्यांनाही लागते.

आणखी एक विचारणा वायरमनकडे कराच. घरात आरसीसीबी आहे का? एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गळणारी वीज ओळखते आणि क्षणार्धात पुरवठा तोडते. लहान मूल माळेला हात लावतं तेव्हा तिचं मोल कळतं.

ही सगळी जुळणी बाप्पा येण्याच्या आदल्या रात्री तासभर चालवून बघा. मग प्लगवर आणि वायरीवर हात ठेवा. कोमट लागलं तरी वायरमनला परत बोलवा. सगळं गार असेल तर ते बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, सासूबाईंना आणि शाळकरी लेकीलाही. घाईच्या वेळी ते सापडायला हवं, आणि ‘मखर बंद करणं’ हे दहा दिवस एकाच बाईचं काम राहायला नको.