नर्सबाईंची निवृत्ती : विचार घराने आधी करावा

गावात कोणाच्या बाळाची लस राहिली, कोणाच्या सुनेचे रक्त कमी आहे, हे उपकेंद्राच्या नर्सबाईंना तोंडपाठ असते. पण “बाई, तुमची निवृत्ती कधी?” असे विचारा. “अजून अवकाश आहे हो,” म्हणून त्या हसतील. हा अवकाश बघता बघता सरतो. जिल्हा परिषदेच्या नोकरीत 58 वर्षे पुरी झाली की त्या महिन्याअखेर बाईंना घरी बसावे लागते.

वाचकहो, हा विषय आपल्याही घरचा आहे. अनेक शेतकरी घरांत लेक, सून किंवा कारभारीण नर्स आहे. पावसाने दगा दिला त्या वर्षी तिच्याच पगारातून बियाणे येते आणि सोसायटीचा हप्ता जातो. म्हणून तिच्या निवृत्तीची तयारी साऱ्या घरानेच करायला हवी.

नर्सबाई निवृत्तीकडे तीन तऱ्हांनी पाहतात. एकीला सुटका वाटते, कारण रात्रीअपरात्रीची बाळंतपणे आणि वाडीवस्तीची पायपीट यांनी गुडघे धरलेले असतात. दुसरीला धास्ती वाटते, की ‘बाई’ म्हणून असलेला मान गेला तर मग दिवस जायचा कसा? तिसरी विचारच करीत नाही. आधी दुसऱ्याचे दुखणे पाहायचे, ही तिची जन्माची सवय. तिघींचेही म्हणणे खरे, पण तयारी तिघींनाही चुकत नाही.

पहिली तयारी कागदांची. बदल्यांमध्ये तालुके बदलतात आणि सेवापुस्तकातल्या नोंदी राहून जातात. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, असेही होते. वारस म्हणून लग्नाआधी लावलेले नाव तसेच राहिलेले असते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे असतानाच हे सारे तपासून दुरुस्त करून घ्यावे.

दुसरी तयारी म्हणजे आपली पेन्शन कोणती, हे जाणून घेणे. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नोकरीत आलेल्यांना पूर्ण सेवेनंतर साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्यानंतर आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पगारातून 10 टक्के कापले जातात आणि सरकार 14 टक्के घालते. निवृत्तीच्या वेळी त्या साठ्यातले 60 टक्क्यांपर्यंत हाती येतात, उरलेल्यातून दरमहा पेन्शन बांधली जाते. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याबाबत नवा पर्यायही मंजूर केला. आपण कोणत्या योजनेत आहोत, हे कार्यालयातून लेखी घ्यावे. कंत्राटी नर्सबाईंना तर सरकारी पेन्शनचा आधार नाही. त्यांनी पोस्टात किंवा बँकेत 15 वर्षांचे पीपीएफ खाते जितके लवकर उघडता येईल तितके बरे.

तिसरी तयारी सर्वांत अवघड, कारण ती घरातल्यांच्या मनाची आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी येणार म्हटले की एकाला बोअर आठवते, दुसऱ्याला ट्रॅक्टर, तिसऱ्याला शहरातली खोली. बोअरला पाणी लागेलच असे नाही, आणि हा पैसा पुन्हा येत नाही. बाईंच्या म्हातारपणातला दवाखाना आणि औषधपाणी त्यातूनच व्हायचे आहे. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दर तीन महिन्यांनी व्याज मिळते. तिला एरवी 60 वर्षांची अट आहे, पण निवृत्त झालेल्यांना 55 नंतरही खाते उघडता येते. मात्र निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत जावे लागते. आधी मोठा वाटा तिच्या नावाने ठेवावा आणि उरल्यावर शेताचे पाहावे.

आणि धास्तीचे काय? शेजारणीचे बाळंतपण जवळ आले, कोणाच्या पोराला ताप भरला, की सल्ला विचारायला लोक बाईंकडेच येणार. तो मान 58 व्या वर्षी संपत नाही. पण सल्ला द्यायला बाई निश्चिंत हव्यात. तेव्हा घरात नर्सबाई असेल, तर येत्या सुट्टीला सारे मिळून बसा आणि तिला आधी एवढेच विचारा, “तुझ्या पैशाचे तू काय करणार आहेस?”