परसातली वाट
बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरकडच्या जुन्या घरांमागे परस असतं, परसात विहीर, आणि शेजाऱ्यांची ये-जा तिथूनच. भगिनींनो, आपण ‘जाईनात का!’ म्हणतो. पण २० वर्षं कुणी उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून गेलं, तर त्याला कायद्यानं वहिवाट मिळू शकते. तुमच्या परवानगीनं गेलं तर नाही. तेव्हा दोन ओळींचा कागद करून घ्या. त्यात कसला आलाय वाईटपणा? विहिरीचं मात्र आजच बघा. शेजारचं पोर आत पडलं, तर ‘न विचारता आलं होतं’ एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला, तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. लोहाराकडून जाळी बसवून घ्या, कळशी जाईल एवढंच झाकण ठेवा, नि त्याला कुलूप.