पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

रस्त्याने चालताना पुढच्या माणसाला ठेच लागली, की मागून येणारा सावध होतो. म्हणूनच 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे म्हणतात. संगणकातील माहिती सांभाळणारी माणसेही अशीच शिकतात.

आपले नाव, जन्मतारीख, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक ही माहिती आता संगणकात साठवलेली असते. तीही चोरीला जाते. दागिने चोरीस गेले, तर पेटी रिकामी दिसते. माहिती मात्र जागच्या जागीच राहते. चोर तिची नक्कल नेतो. त्यामुळे ही चोरी लवकर कळत नाही.

अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची मोठी कंपनी आहे. कोणी किती कर्ज घेतले, ते वेळेवर फेडले की नाही, याची नोंद ती ठेवते. मार्च २०१७ मध्ये, ही कंपनी वापरत असलेल्या एका प्रणालीत दोष असल्याचे जाहीर झाले. दोष दूर करणारी दुरुस्तीही त्याच वेळी मोफत मिळत होती. 'ही दुरुस्ती ४८ तासांत करा,' अशी सूचना कंपनीने आपल्या लोकांना पाठवली. पण ज्यांना ती पाठवायची, त्यांची यादी जुनी होती. ज्यांनी दुरुस्ती करायची, त्यांच्यापर्यंत सूचना पोचलीच नाही. दार उघडे राहिले.

मे महिन्यात चोर त्या दारातून आत शिरले. आत त्यांना इतर कोठारांचे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले सापडले. जणू तिजोरीची किल्ली तिजोरीवरच ठेवलेली! पहारा ठेवणारे यंत्र होते. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे त्याला काही दिसत नव्हते. जुलैच्या अखेरीस नवे प्रमाणपत्र बसवताच चोरी उघडकीस आली. तोपर्यंत ७६ दिवस गेले होते आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार?

२०१८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. ही चोरी टाळता आली असती, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तो वाचून इतरांनाही आपली दारे तपासता येतात. यादी ताजी ठेवावी, दुरुस्ती झाली की नाही ते स्वतः पाहावे, पासवर्ड उघडे ठेवू नयेत आणि पहारेकरी जागा आहे ना, हेही तपासावे.

चूक लपवली, तर दुसरा त्याच दगडावर आपटतो. म्हणून भारतात अशी घटना कळताच ६ तासांच्या आत 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला कळवावे, असा नियम २०२२ मध्ये करण्यात आला. ही संस्था इतरांना सावध करते.

मुलांनो, तुमचा पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर तर लिहिलेला नाही ना?

स्वाध्याय
१. माहितीची चोरी लवकर का कळत नाही?
२. कंपनीची सूचना योग्य माणसांपर्यंत का पोचली नाही?
३. चूक लपवल्याने कोणाचे नुकसान होते? तुमच्या शब्दांत सांगा.
४. या पाठाच्या शीर्षकातील म्हणीसारखी उर्दूतील एखादी म्हण वर्गात सांगा.