परसातल्या गरीब कोंबड्या

उसाचे बिल येईल तेव्हा येईल. आठवडी बाजारचा मीठ-मिरचीचा खर्च बऱ्याच घरी अंड्यांवरच निघतो. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

हल्ली गावरान कोंबड्यांच्या जोडीला बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज एकाच खुराड्यात दिसतात. दोन्ही अंगाने थोराड, स्वभावाने मात्र गरीब. त्यांच्यात असील सोडला की संपलेच! असील ही झुंजीची जात. तो दाण्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. मार खाऊन, उपाशी राहून गरीब कोंबडी अंडी बंद करते, आणि आपण म्हणतो जातच वाईट! असील वेगळाच डालावा.

बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे लांब ठेवा. मानमोडी अशीच घरात शिरते. लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्यावी. मग आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकींना बघू द्या, आणि रात्री अंधारात हळूच खुराड्यात सोडा. एकटी नको, दोघी-तिघी बरोबर. दाणा दोन-तीन ठिकाणी टाका. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. रक्त दिसले तर ती कोंबडी त्याच घडीला बाजूला काढा, नाहीतर बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात.